उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांचं काय करायचं?

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांची आहे. पुण्यात धायरीला राहते, एका सीएच्या ऑफिसात काम करते. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. दोन कुबड्यांवर चालते. बोलणं संथ आणि जड आहे. घरच्यांना कळतं, नवख्यांना दोनदा सांगावं लागतं. मराठीत कविता, रॅप आणि विनोदी किस्से लिहिते. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच ओपन माइकला गेले. कॅफे पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. निवेदक म्हणाला, ‘आता येतेय एक खरी फायटर!’ आणि मी तोंड उघडायच्या आत सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी विनोद सांगितले तर कुणी हसेना. एका विनोदावर तर पुढच्या टेबलावरून ‘अरेरे’ ऐकू आलं. शेवटी पुन्हा सगळे उभे. एक काकू माझा हात धरून रडल्या. आता त्याचा व्हिडिओ फिरतोय, मागे पियानो लावून. आई म्हणते, लोकांनी हसावं म्हणून स्वतःच्या पायांचं प्रदर्शन कशाला? कविता वाच आणि घरी ये. मी अपंगत्वाचा विषयच सोडून द्यावा का? माझ्या वेगाने रॅप होईल का? आणि ३ डिसेंबरला एका संस्थेने ‘प्रेरणादायी सादरीकरणा’साठी बोलावलंय, जावं का? सोबत त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पाठवते आहे.

उत्तर:

प्रिय धायरीकर,

तुझा कार्यक्रम पडला. राग आला तर येऊ दे, पण त्या संध्याकाळी निदान एकाने तरी हे तुला सांगायला हवं होतं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तुझ्या आधीच्या मुलाची शेवटची दोन मिनिटं आली आहेत. आयटीतल्या मॅनेजरवरचा त्याचा विनोद पडतो, लोक आपापसात बोलायला लागतात, कुणीतरी कोल्ड कॉफी मागवतं. तो मुलगा घरी जाऊन तो विनोद खोडेल आणि पुढच्या वेळी थोडा बरा होईल. तुला मात्र काय खोडायचं ते कळायला मार्गच नाही, कारण तुझ्या सगळ्यालाच टाळ्या. त्या टाळ्या कवितेला नव्हत्या, विनोदालाही नव्हत्या. तू माइकपर्यंत पोचलीस याला होत्या. मी प्रायोगिक नाटकांच्या विंगेत बरीच वर्षं काढली आहेत. ज्याला पडायची मुभा नाही, तो कलावंत वाढत नाही, हे तिथे पुन्हा पुन्हा पाहिलंय. ती मुभा तुला मिळवायची आहे, बाकीचे प्रश्न तिच्या मागून सुटतात.

ऑस्ट्रेलियात स्टेला यंग नावाची विनोदी कलाकार होती, व्हीलचेअर वापरायची. मेलबर्नच्या एका शाळेत ती शिकवत होती. वीसेक मिनिटं तास झाल्यावर एका विद्यार्थ्याने हात वर करून विचारलं, मिस, तुमचं ते प्रेरणादायी भाषण कधी सुरू होणार? त्या पोराच्या माहितीत व्हीलचेअरवरचं माणूस शाळेत येतं ते भाषण द्यायलाच. २०१४ साली सिडनीत टेड-एक्सच्या मंचावर तिने हा किस्सा सांगितला आणि प्रेरणा म्हणून वापरलं जाण्याला तिथेच खणखणीत नकार दिला. त्याच वर्षाच्या अखेरीला, ३२व्या वर्षी ती गेली. भाषण अजून इंटरनेटवर आहे. आईला बरोबर बसवून बघ.

आता लोक हसले का नाहीत ते पाहू. विनोद वाईट होते म्हणून नव्हे. त्यातले दोन तर मी स्वयंपाक करताना ऐकले आणि मोठ्याने हसले. लोक घाबरले होते. अपंग माणसाच्या बोलण्यावर हसलो तर आपण हलकट ठरू, ही भीती सुशिक्षित माणसाला जास्त असते, आणि कॅफेत येऊन मराठी कविता ऐकणारे लोक फार म्हणजे फारच सुशिक्षित. त्यांना हसायची परवानगी तू द्यायची असते, आणि तीही पहिल्या अर्ध्या मिनिटात. मेसून झायेद ही पॅलेस्टिनी वंशाची अमेरिकन विनोदवीर, तिलाही तुझ्यासारखीच सेरेब्रल पाल्सी. २०१३च्या तिच्या गाजलेल्या भाषणात ती सुरुवातीलाच सांगून टाकते, की मी प्यायलेली नाही, माझा जन्म करवणारा डॉक्टर मात्र प्यायलेला होता. एका वाक्यात तिने थरथरणाऱ्या हातांचं कारण दिलं, दोषाचं माप जिथल्या तिथे घातलं आणि पहिला हशाही घेतला. प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न असा मिटला की तो पुढचं ऐकायला मोकळा होतो.

तुझ्या बाबतीत मी दोन गोष्टी करीन. एक, ओळख स्वतः लिहून निवेदकाच्या हातात द्यायची आणि तेवढीच वाच म्हणून बजावायचं. नाव, धायरी, आणि ‘सीएच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे तुमच्यापैकी काही जणांचं खरं उत्पन्न तिला ठाऊक आहे.’ झालं. फायटर नाही, जिद्द नाही, संघर्ष नाही. दोन, तरीही लोक उभे राहिलेच तर माइक हातात घेऊन म्हण, ‘बसा, बसा. उभं राहायचा त्रास मला आहे, तुम्ही कशाला करून घेताय?’ ही ओळ माझ्याकडून भेट. आवडली नाही तर तुझी स्वतःची कर, पण त्या क्षणी काहीतरी म्हणायलाच हवं. त्या टाळ्या तू मुकाट घेतल्यास की पुढची पाच मिनिटं तू सत्कारमूर्ती.

रेकॉर्डिंगमधला सगळ्यात चांगला विनोद तो जिन्याचा. ‘चार पोरांनी मला खुर्चीसकट वर आणलं. गणपतीला निदान लोक म्हणतात, पुढच्या वर्षी लवकर या. मला म्हणाले, पुढच्या वेळी जरा आधी कळवा.’ अगं, काय सुरेख आहे हे! यात रोख तुझ्या पायांवर नाही, त्या जिन्यावर आहे आणि आपल्या पुणेरी नियमावलीवर आहे. मग यावर ‘अरेरे’ का आलं? कारण याच्या लगेच आधी तू ऑपरेशन थिएटरवरची कविता वाचलीस. लोकांच्या डोळ्यांत पाणी असताना तू गणपती आणलास. क्रम उलटा कर. विनोद आधी, कविता शेवटी. हसून मोकळा झालेला माणूस कविता नीट ऐकतो, रडवलेल्या माणसाला हसायला वेळ लागतो. आणखी एक. ‘कळवा’ म्हटल्यावर तू थांबली नाहीस, पुढे ‘पण मी हार मानली नाही’ असं जोडलंस. का? तिथे हशा यायला जागाच उरली नाही. ‘कळवा’नंतर तोंड मिट आणि मनात तीन मोज.

विषय सोडून द्यावा का, या प्रश्नात तुझी आई बोलते आहे आणि ती उगाच बोलत नाही. आपल्या रंगभूमीने आणि सिनेमाने तोतरं बोलणारा, बहिरा, लंगडा यांना वर्षानुवर्षं हशासाठी वापरलं आहे, आणि ती सोंगं धडधाकट नटांनी काढली आहेत. त्याही आधी एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका येतात, पण ते रूपक म्हणून. रोख असतो तो डोळे असून न पाहणाऱ्यावर. नाथांची दृष्टी मोठी, पण त्या सोंगामागे खरा बहिरा माणूस काय म्हणत असेल ते आपण कधी ऐकलं नाही. आईने आयुष्यभर पाहिलेला विनोद हा असा, दुसऱ्याने केलेला. तू करतेस तो स्वतःच्या तोंडाने, आणि रोखही तू ठरवतेस. हा फरक आता सर्वोच्च न्यायालयानेही मानला आहे. ८ जुलै २०२४ रोजी एका हिंदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने म्हटलं, की अपंगांना कमी लेखणारा विनोद वेगळा आणि अपंगत्वाबद्दलच्या रूढ समजुतींना धक्का देणारा विनोद वेगळा. ऑगस्ट २०२५ मध्ये याच न्यायालयाने अपंगांची टिंगल करणाऱ्या काही विनोदवीरांना जाहीर माफी मागायला सांगितलं.

मुंबईची निधी गोयल अंध आहे, अपंग स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करते आणि स्टँड-अप करते. बंगळुरूच्या संदीप रावला अगदी अंधुक दिसतं, तोही करतो. दोघांची चेष्टा बघणाऱ्यांवर उलटते. तू हे जरूर ऐक, पण बांधून घेऊ नकोस. अपंग आहेस म्हणून अपंगत्वावरच बोललं पाहिजे, हाही एक जाचच आहे. सीएच्या ऑफिसात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात काय काय चालतं, यावर तुझ्याइतकं कुणाला बोलता येईल? धायरीच्या ट्रॅफिकवर तर अख्खा तास होईल.

आणि आई. तिला कार्यक्रमाला ने, मात्र पहिल्या रांगेत बसवू नकोस, मागे बसव. तिथून तिला तू दिसशीलच, शिवाय हसणाऱ्या लोकांच्या पाठी हलताना दिसतील. तिला समजावत बसण्यापेक्षा हे लवकर होईल.

आता रॅप. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या प्रश्नाखाली तू लिहिलंयस, ‘मला माहितेय उत्तर नाही असंच आहे.’ तसं ते नाही.

१९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हिप हॉप उभं राहिलं तेच, ज्यांना कुठल्या मंचावर जागा नव्हती अशा पोरांच्या जोरावर. तरीही त्यात अपंग कलावंत बाजूलाच पडले. लिरॉय मूर हा सेरेब्रल पाल्सी असलेला कृष्णवर्णीय अमेरिकन कवी. त्याने २००७ मध्ये ‘क्रिप-हॉप नेशन’ सुरू केलं आणि जगभरच्या अपंग रॅपर्सना एकत्र आणलं. २०२० मध्ये पॅरालिम्पिकवर ‘रायझिंग फिनिक्स’ नावाचा माहितीपट आला, त्याचं शीर्षकगीत याच गोतावळ्यातल्या कलावंतांनी केलं. फिनलंडचा साइनमार्क तर जन्मतः बहिरा. तो हातांनी, खुणांच्या भाषेत रॅप करतो आणि २००९ मध्ये एका बड्या संगीत कंपनीने त्याच्याशी करार केला. ठेका त्याच्यापर्यंत स्पीकरच्या थरथरीतून पोचतो. विनोदाकडे वळलीस तर ब्रिटनचा ली रिडली आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला बोलताच येत नाही. तो विनोद टॅबमध्ये भरून ठेवतो आणि यंत्राच्या आवाजात ऐकवतो. ‘लॉस्ट व्हॉइस गाय’ या नावाने तो २०१८ मध्ये ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ जिंकला. त्या यंत्राला हशा ऐकू येत नाही, त्यामुळे कुठे थांबायचं ते त्याला बोटाने ठरवावं लागतं. तुझ्याकडे तर आवाज आहे, श्वास आहे, थांबता येतं.

तू निवडलेला बीट मिनिटाला ९० ठोक्यांच्या आसपासचा आहे. त्या वेगात चार ठोक्यांची एक ओळ पावणेतीन सेकंदांच्या आत संपते. तू त्यात अकरा-बारा अक्षरं कोंबतेस, चौथ्या ठोक्याला श्वास संपतो आणि यमकाचा शब्द गिळला जातो. म्हणजे ज्या शब्दावर सगळं उभं, तोच ऐकू येत नाही. ७० ठोक्यांचा बीट घे. तीच ओळ जवळजवळ साडेतीन सेकंद चालते. आठ अक्षरं ठेव आणि चौथा ठोका रिकामा सोड. फाडफाड बोलणं ही रॅपची एक तऱ्हा आहे, सक्ती नाही. ठोक्याच्या किंचित मागे राहून, खेचून बोलणारे रॅपर मुद्दाम तसं बोलायला शिकतात, तुला ते उपजत आहे.

दुसरं, एक झीलकरी शोध. शाहीर पोवाडा गातो तेव्हा मागचे ‘जी जी रं जी’ उचलतात. त्यात जोश असतो हे खरं, पण तेवढ्यात शाहिराचा श्वासही भरून होतो. तुझ्या ओळीचा शेवटचा शब्द तुझ्या मैत्रिणीने तुझ्यामागून उचलायचा. लोकांना तो दोनदा ऐकू येईल, तुला दम मिळेल, आणि कुणाला ते मदतीसारखं वाटणारही नाही, कारण रॅपमध्ये असा जोडीदार पहिल्यापासून असतोच. फक्त तिने तुझी अख्खी ओळ म्हणायची नाही. ती दुभाषी झाली की तू पाहुणी होशील.

तिसरं काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात उपयोगाचं. नवीन रचना फोनवर रेकॉर्ड कर आणि तुला कधीही न भेटलेल्या माणसाला ऐकव. ऐकू आलं तसं लिहून दे म्हणावं. आई, बहीण, ऑफिसातली माणसं यासाठी बाद, त्यांना तुझं सगळंच कळतं. त्या कागदावर जे शब्द चुकलेले दिसतील त्यांना गोल कर आणि शब्द बदल, तोंड बदलायला जाऊ नकोस. मराठीत एका गोष्टीला चार शब्द असतात, त्यातला तुझ्या जिभेवर स्वच्छ येणारा शोध आणि विनोदाचा शेवट नेमका त्या शब्दावर आण. श्वासासाठी स्पीच थेरपिस्टकडे गेलीस तर ‘नीट बोलायला शिकवा’ म्हणू नकोस, ‘एका श्वासात आठ अक्षरं सांभाळायची आहेत’ म्हण.

पडद्यावर अक्षरं दाखवायची का, असंही तू विचारलंयस. दाखव की. कानाने कमी ऐकणाऱ्यांचीही सोय होते. पण एक सांभाळ. विनोदाचा शेवट पडद्यावर आधी आला तर लोक वाचून हसतील आणि तू मागून येशील. म्हणून शेवटची ओळ वेगळ्या स्लाइडवर ठेव आणि बटण स्वतःच्या हातात ठेव. कवितेला असलं काही लागत नाही, कविता सबंध दिसली तरी चालते.

जिन्याबद्दल थोडक्यात. दर वेळी उचलून नेणारे धष्टपुष्ट असतीलच असं नाही, शिवाय पडलीस तर ते तुझ्या अंगावर. आयोजकाचा फोन आला की तारखेच्या आधी विचार: पायऱ्या किती, मंच किती उंच, स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर. नाट्यगृहात प्रेक्षक म्हणून आत जाणं आणि विंगेतून रंगमंचावर चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रॅम्प आहे असं सांगणारे बहुधा पहिल्याबद्दलच बोलत असतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं, की अपंग कलावंतांना सोयी, पाठबळ आणि प्रायोजकत्व मिळेल असं पाहणं हे सरकारचं आणि महापालिकेसारख्या स्थानिक संस्थांचं काम आहे. सांस्कृतिक महोत्सवासाठी अर्ज करशील तेव्हा हे कलम अर्जात लिही. कॅफेवाल्याला कायदा ऐकवू नकोस, त्याला म्हण, खालच्या मजल्यावर कर, मी दहा माणसं घेऊन येते. पुण्यात दहा गिऱ्हाइकांना फार वजन आहे.

३ डिसेंबर. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ पासून हा दिवस अपंग व्यक्तींसाठी ठेवला आहे आणि त्या एका दिवशी शाल आणि नारळ घेऊन सगळे तुम्हाला शोधत फिरतात. जायचं तर जा, पण मानधन माग. त्या कार्यक्रमात मांडववाल्याला पैसे मिळणार, साउंडवाल्याला मिळणार, फोटोवाल्याला मिळणार. मग तुलाच का नाही? ‘आमची संस्था सेवाभावी आहे’ असं उत्तर आलं तर म्हण, ‘३ डिसेंबरला माझा दर दुप्पट असतो. ४ तारखेला बोलावलंत तर सवलत देईन.’ आणि निमंत्रणपत्रिकेतून ‘प्रेरणादायी’ काढून ‘विनोद आणि रॅप’ छापायला लाव. तेवढंही जमत नसेल तर घरी बसून लिही.

तो पियानोवाला व्हिडिओ टाकणाऱ्याला लिही, की पियानो काढ, खाली अक्षरं घाल, नाहीतर व्हिडिओ उतरव. बहुतेक जण ऐकतात, त्यांचा हेतू वाईट नसतो, कान वाईट असतात.

राहिल्या पत्राच्या मागच्या पानावरच्या चार ओळी, ज्या तू ‘अजून कच्च्या आहेत’ म्हणून लिहिल्यास:

पीएमटीची पायरी, गुडघ्याच्या वर
कंडक्टर म्हणतो, ताई, घाई कर
घाई मला आहे, पायांना नाही
सिग्नलला थांबतोस, तसा थांब ना भाई

तिसरी ओळ फार चांगली आहे. तिचा उत्तरार्ध मैत्रिणीकडे दे, ‘पायांना नाही’ हे झील म्हणून दर कडव्यानंतर येऊ दे. ‘गुडघ्याच्या वर’ रेकॉर्डिंगमध्ये मला कळलं नाही, तिथे ‘कमरेला भिडणारी’ किंवा तसलं काही चालतं का बघ. आणि चौथी ओळ काढ. तिसरीत तू ताठ बोललीस, चौथीत विनवणी करायला लागलीस. शिवाय ‘भाई’ फक्त ‘नाही’शी जुळतो म्हणून आलाय. पीएमटीत कंडक्टरला भाई कोण म्हणतं? काका म्हण, फार तर मास्तर.

तुझी,
ताई